गुलाब, तू मौद्यात चीत झाला होतास

गुलाब, काल आखाड्यात तुझी शोकसभा झाली. दहा हजार माणूस होता. तू समोर असतास तर एक डोळा बारीक करून म्हणाला असतास, "भोंग्या, नीट मोज." बरं, साठ होते. त्यातले पाच जण शेवटपर्यंत आपल्या चपला शोधत होते. पण साठ पहेलवान मांडी घालून बसले की जागा दहा हजारांचीच लागते, एवढं तरी मान्य कर.

तुझा फोटो होता, फोटोला हार होता, आणि खाली चिंतामणनं रंगवून आणलेली पाटी होती: 'ज्याची पाठ धरतीने कधी पाहिली नाही.' चिंतामण तुझा सगळ्यात आवडता चेला. त्या पोराला वाटलं, उस्तादाला यापेक्षा मोठा मान नाही. मग जो उठला तो हेच बोलून बसला. गुलाबराव कधी वाकले नाहीत. गुलाबराव कधी रडले नाहीत. गुलाबरावांची पाठ कधी लागली नाही. मी मागच्या भिंतीला टेकून ऐकत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. कारण ती ओळ माझी आहे. बावीस वर्षं मीच ती भोंग्यातून ओरडत आलो. आणि ती खोटी आहे, हेही मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून हे लिहितोय. तेरवीला चार दिवस आहेत. तेरवीपर्यंत माणूस घराच्या आसपास असतो म्हणतात, म्हणजे तू ऐकतोयस. उठून जाऊ नकोस. आयुष्यभर तुला जे तोंडावर बोलता आलं नाही ते आता बोलणार आहे, आणि तुला उत्तर देता येणार नाही याचा मी पुरता फायदा घेणार आहे.

वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. मी वर्षभर नागपुरात बर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकतो आणि दंगलींचा मोसम आला की कुस्तीच्या फडावर मचाण बांधून भोंग्यावरून पुकारा करतो. 'भोंग्या' हे नाव तूच ठेवलंस. आईनं ठेवलेलं नाव रेशनकार्डापुरतं उरलं. तू फडात उतरलास की मला जोर चढायचा. गुलाब पहेलवान तान्हा असताना पाळण्यातून उतरला आणि पाळणाच खांद्यावर घेऊन चालू लागला, हे मीच सांगितलं. गुलाबनं अजनीच्या यार्डात रुसून बसलेलं रेल्वेचं इंजिन छातीनं ढकललं, हेही माझंच. तू मांडीवर थाप मारलीस तेव्हा कामठीला छावणीत सैनिक बंदुका घेऊन बाहेर आले, ही गोष्ट तर मी इतक्यांदा सांगितली की कामठीचाच एक जण मला शपथेवर म्हणाला, मी तिथं होतो.

तुला हे आवडायचं. लंगोट बांधताना हसायचास. "आज काय फेकणार हायेस?" विचारायचास.

मग एका हिवाळ्यात माझ्या तोंडून ते निघालं: ज्याची पाठ धरतीनं कधी पाहिली नाही. लोकांनी फेटे उडवले. तू मात्र हसला नाहीस. तू ते खरं धरलंस.

त्यानंतर तू पाठीवर झोपणं सोडलंस. हे मी फेकत नाहीये, याच्या बायकोला, सुमनवहिनींना, विचारा. घरी स्वतःच्या अंथरुणावर, दार लावलेलं, बघणारं कोणी नाही, तरी हा माणूस कुशीवर. झोपेत उताणा झाला तर दचकून उठायचा, जणू पंच शिट्टी फुंकत आलाय. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले झोपा, तर म्हणाला, पोट उभ्यानंच तपासा. तोतलाडोहला आपण सगळे पाण्यात पडलो, पाठीवर तरंगत आभाळ बघत होतो, आणि तू कमरेइतक्या पाण्यात खांबासारखा उभा. मी म्हणालो, "अबे, पाणी आहे हे, माती नाही." तू म्हणालास, "खाली मातीच हाये ना."

तेव्हा मी हसलो होतो. आज हसू येत नाही. एका फुशारकीच्या ओळीत मी तुला भिंतीत चिणावं तसं चिणलं, आणि वर भोंगा लावून लोकांना सांगत राहिलो की बघा, भिंत किती भक्कम.

आता मौदा. बांगलादेशची लढाई झाली त्याच्या आदल्या हिवाळ्यातली दंगल. मौदा म्हणजे सुमनवहिनींचं माहेर, म्हणजे तू गावचा जवाई. सासऱ्यानं सकाळीच निरोप पाठवला होता, कुस्ती झाली की जेवायला या, वडाभात केलाय. तुझी जोड लागली नत्थूशी. नत्थू कोण, तर धानाच्या बांध्यांत राबणारा एक किडमिडा माणूस. मी भोंग्यातून म्हणालो की पहेलवानाला दात कोरायला काडी आणली आहे. लोक हसले. नत्थूही हसला.

पाच मिनिटं तू त्याला खेळवलंस. मग ढाकेचा डाव लावायला गेलास, आणि तो बांधावरून पाय घसरावा तसा तुझ्या हातातून निसटला, तुझ्या मागे गेला, कमरेला विळखा घातला, आणि पुढच्या घटकेला तू आभाळ बघत होतास. दोन्ही खांदे मातीत. पंच पलीकडच्या बाजूला, त्याच्या आणि तुझ्यामध्ये नत्थूची पाठ, त्याला काही दिसलं नाही. त्यानं मचाणाकडे पाहिलं. मी सगळ्यात उंच बसलेला माणूस.

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. गुलाब, मी तुला रेड्याच्या शिंगांना धरताना पाहिलंय, आणि त्यात फेकाफेक अर्धीच आहे. पण ते डोळे मी कधी पाहिले नव्हते. जत्रेत आईचा हात सुटलेल्या पोराचे डोळे. मी घाबरलो. तुझ्यासाठी घाबरलो की माझ्या ओळीसाठी, हे मला आजही सांगता येत नाही. मी भोंगा तोंडाला लावला आणि ओरडलो, "कुस्ती बरोबरीत."

पंचाला बरं वाटलं, त्यानं दोघांचे हात वर केले. फड एक क्षण गप्प राहिला, मग टाळ्या पडल्या. मला वाटलं, अख्खं मौदा मी एका दमात बनवलं. नत्थूनं अंगाची माती झटकली, तुला सलाम केला आणि गर्दीत गेला. तू न जेवता मिळेल त्या ट्रकवर चढलास आणि नागपूरला आलास. वडाभात तसाच राहिला.

त्यावर तू आणि मी कधी एक शब्द बोललो नाही. एकही नाही. मी, ज्याला गप्प बसणं म्हणजे पोटशूळ.

बोललो ते दुसऱ्याच माणसाबद्दल. पुढच्याच उन्हाळ्यात रद्दीच्या गठ्ठ्यातून एक इंग्रजी कादंबरी हाती लागली. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत, शेवटची उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्लेली. नाव काय, लिहिणारा कोण, काही पत्ता नाही. गोष्ट आफ्रिकेतली आहे एवढं आतून कळलं. तू दुपारी येऊन माझ्या स्टुलावर बसायचास, तुला पाहून गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जायचं, मग मला दुसरं कामच नसायचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तुला ती कादंबरी आपल्या भाषेत सांगायचो. त्या शिकाऱ्याचं नाव तुला उच्चारता येईना, तू त्याला 'आफ्रिकेवाला' म्हणायचास. "काय गा, तुह्या आफ्रिकेवाल्यानं आज काय केलं?"

तो शिकारी त्याच्या मुलखातला सगळ्यात ताकदीचा माणूस. पण जवानीत एकदा बिबट्या समोर आला तेव्हा तो झाडावर चढला आणि त्याचा दोस्त खाली एकटा सापडला. दोस्त वाचला, जन्माचा लंगडा झाला. त्यानं कोणाला सांगितलं नाही. शिकाऱ्यानंही नाही. त्या दिवसापासून शिकाऱ्यानं आयुष्यभर एकच काम केलं, ती दुपार पुरायचं. बिबटे मारले, कातडी दारावर टांगली. बायकोवर हात उचलला. पोर रडलं की त्याला उन्हात उभं केलं. चार लोकांत कधी बसला नाही, जेवलासुद्धा उभ्यानं, कारण बसलेला दिसला तर थकला म्हणतील. आणि लंगड्याच्या झोपडीवरून कधी गेला नाही. फेरा पडला तरी नदीकडून फिरून जायचा.

इथं तू शेंगदाणे चघळायचा थांबलास.

"तो लंगडा बोलला काहून नाही गा?"

"पुस्तकात लिहिलं नाही."

"पुस्तकात नसन त तू सांग. तू त सगळ्याईचं सांगतो."

मी नाही सांगितलं. मलाही माहीत नव्हतं.

पुढे शिकाऱ्याची मुलगी तापानं फणफणते. जंगलातली मुळी ओळखणारा माणूस गावात एकच, तो लंगडा. शिकारी दाराशी जात नाही. मुलगी दगावते. रडणाऱ्या बायांचे ढोल तो लाथेनं फोडतो. त्यानंतर एका सकाळी तो लंगड्याच्या झोपडीसमोर येऊन उभा राहतो, एका हातात भाला. आणि शेवटचं वाचता येण्यासारखं वाक्य एवढंच: त्यानं हात वर केला.

बस. त्यापुढे उधई.

त्यावर आपण चौदा वर्षं भांडलो. सगळी बर्डी साक्षीला आहे.

"भाला मारला असन," तू म्हणायचास. "दुसरं काय करन? ज्यानं पायलं त्याले जिता ठेवते काय कोणी?"

"दार वाजवलं असेल."

"मर्द दार वाजवत नसते."

"मग काय करतो मर्द? भिंत फोडून आत जातो?"

यावर तू इतका हसलास की स्टूल मोडलं. तीन स्टुलं मोडलीस तू त्या एका कादंबरीवर. मी तुला सतरा शेवट बनवून सांगितले. एकात लंगडा त्याला मिठी मारतो, तू थुंकलास. एकात शिकारी नदीत उडी घेतो, तू म्हणालास, "हे बरं हाये, पण हात काहून वर केला मंग?" तू आखाड्यातल्या पोरांना चकवू द्यायचास, पण त्या वर केलेल्या हाताच्या बाबतीत मला एकदाही चकवू दिलं नाहीस.

आणि एक दुपार अशी होती, जी मला परत हवी आहे. तू आल्यापासून शेंगदाण्याची पुडीही सोडली नव्हतीस. मग रस्त्याकडे बघत हळू म्हणालास, "समज वाजवलं दार. त लंगडा काय म्हणन?"

गुलाब, तो प्रश्न आफ्रिकेचा नव्हता. मला त्याच वेळी कळलं होतं. मी म्हणायला हवं होतं, चल, आत्ता उठ, मौद्याची बस पकडू. त्याऐवजी मी विनोद केला. म्हणालो, "म्हणेल, आलाच आहेस तर चहा घे." तू हसला नाहीस. उठून गेलास. स्टूल धड राहिलं. त्या धड राहिलेल्या स्टुलाची मला अजून लाज वाटते.

तू आफ्रिकेवाल्यासारखा नव्हतास, हे मी कोणाशीही भांडून सांगेन. वहिनींना तू कधी बोट लावलं नाहीस. आखाड्यात पोरगं रडलं तर तू पाठ फिरवून उभा राहायचास, त्याचं होईपर्यंत. पण मौद्याच्या वाटेवरचा कन्हानचा पूल तू ओलांडला नाहीस. चौदा वर्षांत वहिनी माहेरी एकट्या गेल्या. बाप गेला तेव्हाही. तू नंदनवनच्या नाक्यापर्यंत पोचवून दिलंस, बस सुटेपर्यंत उभा राहिलास आणि परत आलास. माझी बायको त्यांना म्हणाली, मारत तर नाहीत ना, मग सोसा. वहिनी म्हणाल्या, "मारलं असतं त चार लोकाईले दिसलं असतं वं. हे कोणाले दाखवू?"

मी ते ऐकलं, आणि संध्याकाळी फडावर जाऊन तीच ओळ ओरडलो.

गेल्या महिन्यात तुला लकव्यानं गाठलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यानं चार दिवस ठेवून घेतलं आणि आता घरी न्या म्हणाले. चेल्यांनी तुला घरी नाही, आखाड्याच्या खोलीत आणलं. कारण दोन वर्षांपूर्वी तू त्यांच्याकडून आखाड्याच्या मातीवर हात ठेवून वचन घेतलं होतंस: काही झालं तरी माही पाठ लागू देऊ नका.

पोरांनी पाळलं. गुलाब, असे चेले मी पाहिले नाहीत, आणि याउपर मी जे सांगतोय त्यात एक मासाही भर नाही. तुला त्यांनी बसवून ठेवलं. उजवीकडे एक, डावीकडे एक, आणि मागे एक जण तुझ्या पाठीला पाठ लावून भिंतीसारखा. दर दोन तासांनी भिंत बदलायची. सहा दिवस. तुझी मान लोंबत होती, घशातून घरघर येत होती, आणि पोरं रडत रडत तुला धरून बसली होती.

सातव्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, "चिंतामण, खाली घे त्यायले. माणूस निघाला का त्याले भुईवर घेतात, बाबू. हे बरोबर नाही होऊन राहिलं."

"आई, आमी उस्तादाले जबान देली हाये." चिंतामणच तेव्हा भिंत होता. त्याला तुझं तोंडही दिसत नव्हतं. "बावीस वर्षाची इज्जत हाये. शेवटी शेवटी आमी घालवू?"

तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, पोरांनो, ती इज्जत माझ्या तोंडची वाफ आहे. उस्ताद मौद्यात चीत झाले होते. मी मचाणावरून पाहिलं आणि खोटं बोललो. घ्या त्यांना खाली.

कोणी हललं नाही. मग एक जण म्हणाला, "काकाजी, तुमी त म्हणता, उस्तादानं इंजिन ढकललं."

"ते खोटं होतं."

"आन हे खरं?"

"हे खरं."

"तुमचं कोणतं खरं, कोणतं खोटं, आमी कसं वळखाचं गा?"

हे बोलणाऱ्याला मी नाव ठेवणार नाही. बरोबर बोलला. जन्मभर एवढं फेकलं की एक खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या खिशात ते चालवायला नाणंच उरलं नव्हतं.

वहिनींनी पदर खोचला. "भाऊजी, जा. नत्थूभाऊले घेऊन या."

मी दारातच थांबलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"माह्या बाबानं पायलं होतं ना. घरी येऊन म्हणे, जवाई पडले, पण ताट वाढून ठेवा, येतीन."

मी एस.टी.नं मौद्याला गेलो. नत्थू खळ्यात होता, धानाची मळणी चालली होती, केसांत भुसा. मी नाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं, तो तसाच निघाला. दुपार व्हायच्या आत आम्ही आखाड्यात होतो. त्यानं बाहेर वहाणा काढल्या, कुस्तीच्या हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि तुझ्यासमोर येऊन बसला. पोरं त्या पांढऱ्या मिशांच्या मूठभर माणसाकडे बघत राहिली.

तुझ्यामागून चिंतामणचा आवाज आला. "काकाजी, खरं सांगा. मौद्याले उस्ताद चीत झाले होते?"

नत्थूनं खाली पाहिलं. "मले काही आठवत नाही, बापू."

साऱ्या खोलीनं माझ्याकडे पाहिलं. त्या घटकेला मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर मी तिचे आभार मानले असते.

मग नत्थूच पुढे म्हणाला, अगदी साधं, भाव सांगावा तसं, "गावच्या जवायाचं असं काही आठवाचं नसते. आमच्या मौद्यात कोणालेच आठवत नाही."

कळलं तुला? अख्खा फड. टाळ्यांच्या आधीची ती एक क्षणाची शांतता. मी बनवलं नव्हतं कोणाला, गुलाब. सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि सगळ्या गावानं, एकमेकांना न विचारता, जवायाची पाठ झाकून घेतली होती. चौदा वर्षं तू ज्या गावाच्या तोंडाला भ्यालास, त्या गावानं तोंड उघडलंच नव्हतं.

नत्थू तुझ्याकडे वळला. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "पण जवाईबापू, त्या दिवशी तुमी जेवाले काहून नाही आले? तुमच्या सासऱ्यानं मलेबी बोलावलं होतं. आपुन दोघं एका पंगतीत बसलो असतो. मी वाट पाऊन पाऊन जेवलो."

हे म्हणाला तो. तू विचारलं होतंस ना, लंगडा काय म्हणेल? हे. सतरा शेवट बनवणाऱ्या माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

तुझा डावा हात हलला. बाजूच्या पोराला वाटलं तू नको म्हणतोयस, त्यानं हात धरला, आणि तू तो झटकलास. त्या हातात तेवढी ताकद कुठून आली, हे मी रंगवून सांगणार नाही. तू नत्थूचं मनगट पकडलंस. आणि वर उचललंस. आधी छातीपर्यंत. नंतर खांद्यापर्यंत. मग डोक्याच्या वर, जिंकणाऱ्याचा हात पंच धरतो तसा, सगळ्या चेल्यांच्या समोर. आणि धरून ठेवलास.

मागे चिंतामणला काहीच दिसत नव्हतं, त्याला फक्त समोरच्या पोरांची तोंडं दिसत होती. "काय झालं?" तो विचारत होता. "काय झालं गा? कोणी सांगा ना."

वहिनी त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "निकाल लागला, बाबू. सरक आता."

तो सरकला. पोरांनी तुला उचलून हौद्यात आणलं. हळदीची, ताकाची, तेलाची ती माती, जी तूच वर्षानुवर्षं मळलीस. तुझी पाठ खाली गेली, डोक्याखाली नत्थूचा तळहात होता. तू पत्र्याच्या छपराकडे पाहिलंस आणि एवढा लांब श्वास सोडलास की मला वाटलं झालं. झालं नव्हतं. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानांत गेलं. उताण्या माणसाचं तिकडेच जातं. वहिनी पदरानं कान पुसत होत्या, म्हणत होत्या, "होऊ द्या, होऊ द्या." मग तू झोपलास. सरळ, पाठीवर, हातपाय पसरून, आणि घोरलास. कामठीपर्यंत ऐकू गेलं. हे मात्र मी फेकतोय. हौद्याच्या काठापर्यंत गेलं, तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. मातीत तुझ्या पाठीचा ठसा राहिला. वहिनींनी त्यावर अजून फावडं पडू दिलेलं नाही.

तर काल सभेत मी उठलो आणि भोंग्याशिवाय हे सगळं सांगितलं. जे तेव्हा खोलीत नव्हते ते पोट धरून हसले. म्हणाले, भोंग्याकाकाची आजवरची सगळ्यात भारी गोष्ट. कोणीतरी मागच्या ओळीत बसलेल्या नत्थूला विचारलं, आणि त्यानं अर्थातच सांगितलं की त्याला आठवत नाही. खोलीत होते त्या चेल्यांनीही मौद्याचाच कित्ता गिरवला. त्यामुळे मी एकटा पडलो आहे, पण मागे हटणार नाही. न पडलेल्या माणसाच्या पाट्या या शहरात चौकाचौकात आहेत. जो पडला आणि ज्यानं पाडणाऱ्याचा हात स्वतः वर केला, असा एकच पहेलवान मी पाहिलाय. त्याला मी त्या पाटीखाली पुन्हा चिणू देणार नाही. चिंतामणशी भांडेन, पाट्या रंगवणाऱ्याशी भांडेन, तुझ्याशीही भांडेन.

चिंतामणशी बहुतेक भांडावं लागणार नाही. आज सकाळी तो दुकानावर आला होता. बराच वेळ इंग्रजी पुस्तकं चाळत उभा राहिला, जी त्याला वाचता येत नाहीत. मग म्हणाला, "काकाजी, पाटी उतरवली. दुसरी काय लिहू?" मी त्याला लिहून दिलं: 'गुलाबराव पहेलवान. मौद्याला नत्थूकडून चीत.' त्यानं कागद दोनदा वाचला, घडी केली, खिशात ठेवला. लिहील की नाही माहीत नाही. पण उतरवली.

आणि आपला वाद मिटला, हे तुला मान्य करावं लागेल. त्यानं दार वाजवलं, गुलाब. हात वर केला तो वाजवायलाच. माझ्याकडे पानं नाहीत, उधईनं खाल्ली, पण माझ्याकडे तू आहेस. मान्य नसेल तर ये आणि स्टूल मोड. नवं आणून ठेवलंय.

तेरवी मौद्याला आहे. बायकोच्या माहेरी कधी तेरवी करतात का, म्हणून तुझे भाऊबंद फुगून बसलेत. वहिनींनी त्यांना एवढंच सांगितलं, "ताट तिथं वाढून ठेवलं हाये. चौदा वर्ष झाले." वडाभात आहे. नत्थूच्या शेजारचं पान तुझं, आणि त्यानं सांगून ठेवलंय, तू आल्याशिवाय तो घास घेणार नाही. म्हातारा माणूस आहे, शेतावरून उपाशी येईल. या खेपेला त्याला वाट पाहायला लावू नकोस.